वाचा जाते तेव्हा मेंदूत काय घडतं

इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठात रोझमेरी वार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन पुरुषांची चाचणी घेतली. तिघांच्याही मेंदूच्या डाव्या भागाला मोठी इजा झालेली होती आणि त्यांचं व्याकरण पार कोलमडलेलं होतं. ‘माणसाने सिंहाला मारलं’ आणि ‘सिंहाने माणसाला मारलं’ अशा अर्थाची वाक्यं समोर ठेवली, की कोणी कोणाला मारलं हे त्यांना ठरवता येत नसे. मग त्यांना वजाबाक्या दिल्या. ५९ मधून १३ गेले किती आणि १३ मधून ५९ गेले किती? दोन्हींत आकडे तेच, जागा तेवढ्या बदललेल्या. एकाचं उत्तर ४६, दुसऱ्याचं उणे ४६. सिंह आणि माणूस यांच्यात गोंधळणाऱ्या या माणसांना आकड्यांच्या जागेतला फरक बरोबर कळत होता. कंस असलेली गणितंही त्यांनी सोडवली. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला आणि एका जुन्या प्रश्नावर त्याने लख्ख प्रकाश पाडला. भाषा गेली म्हणजे विचार गेला का? या तिघांच्या बाबतीत तरी तसं झालेलं नव्हतं.

हा प्रश्न फक्त प्रयोगशाळेतला नाही. मेंदूचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना बोलण्या-समजण्याची अडचण येते. डॉक्टर तिला वाचाघात म्हणतात. घरात आजोबा ‘पाणी’ मागायला जातात आणि तोंडून ‘चमचा’ निघतो. चूक झाली हे त्यांना स्वतःलाच कळतं, ते चिडतात, पुन्हा प्रयत्न करतात, पुन्हा भलताच शब्द येतो. भेटायला आलेले नातेवाईक हळू आवाजात म्हणतात, ‘डोक्यावर परिणाम झालाय.’ त्यानंतर घरातले व्यवहार, पैशांचे निर्णय, नातवंडांची लग्नं, सगळं त्यांना वगळून ठरायला लागतं. ते तिथेच बसलेले असतात आणि त्यांना बरंच काही समजत असतं.

मेंदूत भाषा कुठे असते याचा आधुनिक शोध ज्या रुग्णापासून सुरू झाला, त्याची कहाणीही अशीच वाचा गेलेल्या माणसाची आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात त्याला सगळे ‘ताँ’ म्हणत, कारण काहीही विचारलं तरी तो ‘ताँ, ताँ’ एवढंच म्हणायचा. फार संतापला तर एक शिवी बाहेर पडायची, तीही अगदी स्पष्ट. लहानपणापासून त्याला फिट्स येत. पुढे बुटांचे लाकडी साचे बनवण्याचं काम करत असताना, वयाच्या तिशीत त्याची वाचा गेली आणि तो रुग्णालयात आला. काही वर्षांनी उजवा हात लुळा पडला, मग उजवा पाय. शेवटची सात वर्षं तो अंथरुणाला खिळून होता. सोबतच्या रुग्णांना तो आवडत नसे; तो स्वार्थी आहे, खुनशी आहे, चोरटा आहे अशी त्याची ख्याती होती. स्वतःची बाजू मांडायला त्याच्यापाशी एकच अक्षर होतं.

११ एप्रिल १८६१ रोजी सडलेल्या पायावरच्या उपचारासाठी त्याला शल्यविभागात हलवलं. तिथले सर्जन होते पॉल ब्रोका. ब्रोकांनी पायाबरोबर माणसालाही तपासलं. इथे किती वर्षं आहेस, असं विचारल्यावर त्याने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. उत्तर अचूक होतं. ब्रोकांनी दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला, तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर आपली परीक्षा चालली आहे हे त्याच्या लक्षात आलं, तो भडकला आणि त्याने ती ठरलेली शिवी हासडली. घड्याळात किती वाजले हेही तो बोटांनी सांगू शकत असे. एकवीस वर्षं ज्याच्यापाशी बोलायला एकच अक्षर होतं, तो मनात वर्षांचा हिशेब ठेवून होता.

सहा दिवसांनी तो वारला. ब्रोकांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात, कोंबडीच्या अंड्याएवढा भाग खराब झालेला दिसला. दुसऱ्याच दिवशी तो मेंदू त्यांनी पॅरिसच्या मानववंशशास्त्र मंडळापुढे ठेवला. पुढे असे आणखी रुग्ण सापडत गेले आणि १८६५ मध्ये ब्रोकांनी ठामपणे मांडलं, की आपण मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाने बोलतो. मेंदूच्या त्या भागाला आजही ब्रोकांचं नाव आहे. ‘ताँ’चं नाव मात्र दीडशे वर्षं लेबोर्न्य या आडनावापुरतंच ठाऊक होतं. लुई व्हिक्तोर हे त्याचं पूर्ण नाव आणि त्याचं गाव पोलंडमधल्या सेझारी डोमान्स्की या अभ्यासकाने जुन्या नोंदी धुंडाळून २०१३ साली जगापुढे आणलं. मेंदूच्या नोंदीइतकीच माणसाची नोंदही महत्त्वाची मानणारं हे काम आहे.

ब्रोकांनी तो मेंदू न कापता जपून ठेवला, हे फार मोलाचं ठरलं. २००७ मध्ये नीना ड्रॉन्कर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा एमआरआय काढला. इजा पृष्ठभागावर दिसत होती त्याहून कितीतरी खोल होती. मेंदूच्या पुढच्या आणि मागच्या भागांना जोडणारे मज्जातंतूंचे जाड पट्टेही तिच्यात नष्ट झाले होते. म्हणजे लेबोर्न्यची वाचा केवळ एका ठिकाणाच्या बिघाडाने गेली नव्हती, जोडणारे मार्गही तुटले होते. शाळेच्या पुस्तकात ‘बोलण्याचं केंद्र’ म्हणून मेंदूच्या चित्रात एक गोल काढलेला असतो, तो आता अपुरा ठरला आहे.

दुसरा गोल असतो कार्ल वेर्निके यांच्या नावाचा. १८७४ साली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, या जर्मन डॉक्टरने अगदी उलट प्रकारच्या रुग्णांचं वर्णन केलं. हे लोक भरभर बोलतात, सूर नेहमीसारखा, चढउतार ठीकठाक, पण बोलण्याला अर्थ नाही. शब्द भलतेच, काही तर कुठल्याच भाषेत नसलेले. समोरच्याचं बोलणंही त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. इजा कानाच्या वरच्या-मागच्या भागात, तीही डावीकडेच. अशा रुग्णाला वेडसर किंवा बहिरा समजलं जाण्याचा धोका सगळ्यात जास्त. आजही आपल्याकडे असा रुग्ण आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेला जाऊ शकतो, कारण हातपाय धड असतात आणि तोंड तर अखंड चालू असतं.

डाव्या बाजूचं हे वर्चस्व सार्वत्रिक नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे पंच्याण्णव जणांची भाषा मुख्यतः डावीकडे असते; डावखुऱ्यांमध्ये हे प्रमाण सत्तरच्या आसपास आहे. उजवी बाजूही रिकामी बसलेली नसते. ‘हो का!’ हे दोन शब्द आश्चर्याने म्हटले, रागाने म्हटले की टोमणा म्हणून मारले, हे ओळखण्यात उजव्या बाजूचा मोठा वाटा असतो. तिथे इजा झालेल्या काही रुग्णांना शब्दांचा अर्थ लागतो, पण टोमणा कळत नाही, विनोदावर हसू येत नाही.

हे सगळं भाषा मोडल्यावर काय दिसतं त्याबद्दल झालं. धडधाकट मेंदूत ती चालते कशी? या बाबतीत सर्वांत थक्क करणारी गोष्ट आहे वेग. जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांतल्या संभाषणांचं मोजमाप २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी एक पंचमांश सेकंद एवढीच फट असते. दुसरीकडे, समोर दाखवलेल्या चित्राचं नाव उच्चारायला सुरुवात करण्यासाठी माणसाला सुमारे ०.६ सेकंद लागतो. हिशेब जुळत नाही. उत्तर तयार करायला लागणारा वेळ मधल्या फटीच्या तिप्पट आहे. याचा अर्थ एकच निघतो: समोरचा बोलत असतानाच आपला मेंदू त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधतो आणि आपलं उत्तर जुळवायला घेतो. ऐकणं आणि बोलण्याची तयारी ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात.

मेंदू पुढचा शब्द ताडत असतो, याचा पुरावा १९८० साली कॅलिफोर्नियातल्या मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांच्या प्रयोगात मिळाला. डोक्यावर विद्युतप्रवाह मोजणाऱ्या चकत्या लावलेल्या लोकांना पडद्यावर एकेक शब्द दाखवला जाई. काही वाक्यांचा शेवटचा शब्द विसंगत असे, जसं की गरम पावाला लोण्याऐवजी मोजे लावणं. असा शब्द दिसल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या आलेखात एक ठळक लाट उठायची. ‘आजीने गरम भाकरीवर मोजे वाढले’ हे वाक्य मराठी माणसाला ऐकवलं, तर हसू येण्याआधीच त्याच्या मेंदूने त्या मोज्यांवर आक्षेप घेतलेला असेल. व्याकरण चुकलं तर वेगळी लाट येते, सुमारे ६०० मिलिसेकंदांनी. मराठीत उदाहरण द्यायचं तर ‘मुलगी शाळेत गेला’. इथे अर्थ कळतो, खटकतं ते लिंग. अर्थ आणि रचना यांची छाननी मेंदू बऱ्याच अंशी वेगवेगळी करतो, हे या दोन लाटांवरून दिसतं.

मराठीसारख्या भाषेत रचनेचं काम मोठं आहे. इंग्रजीत कोण कर्ता आणि कोण कर्म हे मुख्यतः शब्दांच्या क्रमावरून ठरतं. आपल्याकडे ‘सिंहाला माणसाने मारलं’ म्हणा किंवा ‘माणसाने सिंहाला मारलं’ म्हणा, बळी सिंहाचाच जातो, कारण निकाल ‘ने’ आणि ‘ला’ देतात. वाचाघाताच्या काही प्रकारांत या इवल्या प्रत्ययांना मोठा धक्का बसतो. इंग्रजी बोलणारा रुग्ण असे प्रत्यय बहुधा गाळून टाकतो. हिब्रू किंवा इटालियनसारख्या भाषांत, जिथे प्रत्ययाशिवाय शब्द उभाच राहत नाही, तिथे रुग्ण चुकीचा प्रत्यय लावतात. इजा तीच, पण ती कशी दिसेल हे भाषेची घडण ठरवते. म्हणूनच इंग्रजीसाठी बनवलेल्या चाचण्यांचं नुसतं भाषांतर करून मराठी रुग्ण तपासणं योग्य नाही.

भाषा म्हणजे तोंड आणि कान, अशी समजूत असेल तर मूकबधिरांच्या खुणांच्या भाषेने ती मोडून काढली आहे. अमेरिकेतल्या साल्क संस्थेत उर्सुला बेलुगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुणांच्या भाषेत वाढलेल्या, पुढे मेंदूला इजा झालेल्या कर्णबधिर व्यक्तींचा अभ्यास केला. डाव्या बाजूला इजा झालेल्यांची खुणांची भाषा अगदी वाचाघातासारखी मोडली होती. त्यांचे हात मात्र इतर हालचाली करू शकत होते. उजव्या बाजूला इजा झालेल्यांना जागेचं, दिशेचं भान राखणं अवघड जात होतं, तरी त्यांची भाषा शाबूत होती. मेंदूच्या दृष्टीने भाषा ही भाषाच असते, मग ती ओठांनी बोला किंवा बोटांनी.

मेंदू आपल्या घरातल्या भाषेसाठी फार लवकर घडत जातो. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांच्या संशोधनात कॅनडातल्या इंग्रजी भाषक घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक सहज कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. घरात जो फरक अर्थ बदलत नाही, तो टिपणं मेंदू वर्षभराच्या आतच सोडून देतो. ‘ताट’ या शब्दात मराठी बाळाला जे दोन वेगळे आवाज आयुष्यभर ऐकू येणार आहेत, ते इंग्रजी घरातल्या बाळाच्या कानांतून पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला निसटू लागतात.

आपल्याकडे तर एका घरात दोन-तीन भाषा सहज नांदतात. सोलापुरात घरी तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बेळगावात मराठी आणि कन्नड, गोव्यात कोकणी, मराठी आणि इंग्रजी. अशा माणसाला झटका आला तर कुठली भाषा आधी परत येते? फ्रान्समधल्या तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्ये मातृभाषेच्या बाजूने मत दिलं होतं. आल्बेर पित्र यांनी १८९५ मध्ये रोजच्या सवयीच्या भाषेच्या बाजूने. प्रत्यक्षात पुष्कळदा सगळ्या भाषा बरोबरीने सुधारतात, काही वेळा एकच परतते. मेंदूची शस्त्रक्रिया कधी कधी रुग्ण जागा असताना करतात, तेव्हा त्याला चित्रांची नावं विचारत मेंदूवर हलका विद्युतप्रवाह देतात. जॉर्ज ओजमन आणि हॅरी व्हिटेकर यांना १९७८ मध्ये असं आढळलं, की काही जागांवर दोन्ही भाषा अडतात, तर काही जागांवर एकच. दोन भाषांचे मार्ग पुष्कळसे सामाईक आहेत, पण पूर्णपणे नाहीत.

या विषयावरचं महत्त्वाचं काम भारतात झालं आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती अभ्यासली. २०१३ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार, एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि निरक्षर लोकांतही हा फरक दिसला. म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम नव्हता. २०१६ मध्ये त्यांनी झटका आलेल्या ६०८ रुग्णांचा अभ्यास मांडला. झटक्यानंतर बौद्धिक क्षमता सामान्य राहिलेल्यांचं प्रमाण बहुभाषकांत ४०.५ टक्के होतं आणि एकभाषकांत १९.६ टक्के. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. इतर देशांतल्या सगळ्याच अभ्यासांत असा फायदा दिसलेला नाही, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही. तरीही दुसरी भाषा मुलाच्या डोक्यावर ओझं टाकते, ही भीती बाळगण्याचं कारण या आकड्यांत कुठेच सापडत नाही.

विचार आणि भाषा वेगळ्या वाटांनी चालू शकतात, याची सर्वांत हृद्य उदाहरणं कलावंतांची आहेत. रशियन संगीतकार व्हिसारिओन शेबालिन यांना १९५३ आणि १९५९ मध्ये झटके आले. त्यांचं बोलणं आणि समजणं दोन्ही कोसळलं. त्यांना तपासणारे प्रसिद्ध मेंदूशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी नोंदवून ठेवलं आहे, की एवढं होऊनही त्यांची संगीतरचना थांबली नाही. १९६२ मध्ये त्यांनी आपली पाचवी सिंफनी पूर्ण केली. स्वीडनचे कवी तोमास त्रान्सत्रोमर यांना १९९० मध्ये झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं जवळजवळ थांबलं. ते डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले. त्यानंतरही त्यांचे कवितासंग्रह निघाले. २०११ मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हा पत्नी मोनिका त्यांचा आवाज झाल्या होत्या.

बोलता न येणाऱ्या माणसाला कधी कधी गाता येतं, हेही डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे. पाठ झालेली आरती, पाढे, वारांची नावं, शिव्या हे सगळं मेंदू सुट्या शब्दांपेक्षा वेगळ्या रीतीने सांभाळतो. लेबोर्न्यची शिवी टिकली ती याच कारणाने. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये यावर आधारलेली उपचारपद्धती मांडली गेली: रोजच्या वापरातली छोटी वाक्यं सुरात म्हणायची, डाव्या हाताने ठेका धरायचा आणि हळूहळू सूर कमी करत बोलण्यावर यायचं. ही पद्धत सगळ्यांना लागू पडत नाही, पण काहींना तिने पुन्हा बोलतं केलं आहे. स्पीच थेरपीचा उपयोग होतो, हे अनेक चाचण्यांतून दिसून आलं आहे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आणि नायर रुग्णालयात यासाठीचे विभाग आहेत. मोठ्या शहरांबाहेर स्पीच थेरपिस्ट मिळणं आजही कठीण आहे. तालुक्याच्या गावातल्या रुग्णाला घरी सोडताना फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली जाते आणि वाचेबद्दल कोणी बोलतच नाही, ही खरी उणीव आहे आणि ती भरून निघायला हवी.

तोवर घरच्यांना पुष्कळ काही करता येतं. रुग्ण घरात ज्या भाषेत बोलत होता त्याच भाषेत त्याच्याशी बोलावं. वाक्यं लहान असावीत, एका वेळी एकच विषय असावा, टीव्ही बंद असावा. ओरडून बोलू नये, त्याचे कान ठीक असतात. ‘चहा हवा का?’ असा हो-नाही उत्तराचा प्रश्न सोपा जातो. चित्रं, खुणा, पाटी, जे चालेल ते चालवावं. त्याचा शब्द यायला वेळ लागला तर थांबावं, लगेच त्याचं वाक्य पुरं करू नये. त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो तिथे नसल्यासारखं बोलू नये. घरातल्या निर्णयांत त्याला विचारावं, मान हलवून का होईना, तो उत्तर देईल.

आणि मुळात वेळ दवडू नये. एखाद्याचं बोलणं अचानक बोबडं झालं, भलतेच शब्द येऊ लागले, समोरच्याचं बोलणं कळेनासं झालं, चेहरा एका बाजूला वाकला किंवा हात उचलेना, तर ती झटक्याची लक्षणं असू शकतात, दुखत नसलं तरीही. ‘थोडं झोपू द्या, बरं वाटेल’ असं म्हणू नका. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवा, १०८ वर फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. रक्ताची गुठळी अडकून आलेल्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.